नागपूरपुरतं तेल

दुलीचंद गजभियेला माणसांचा राग लगेच येई आणि यंत्रांचा कधीच येत नसे. बोल्ट गंजून बसला तर तो त्याच्याशी तासभर गोडीगुलाबीनं बोलत बसायचा, तेलाचा थेंब सोडायचा, हलकेच ठोकायचा, पुन्हा बोलायचा. तेच एखादं गिऱ्हाईक 'आणखी किती वेळ गा?' असं दुसऱ्यांदा विचारायला आलं, की पाना खाली ठेवून म्हणायचा, "घेऊन जाय आपली गाडी. ढकलत ने." रागावून गेलेले लोक आठ दिवसांनी निमूट परत येत. बालाघाटात डिझेलच्या जुन्या इंजिनाचा त्याच्या तोडीचा दुसरा जाणकार नव्हता आणि ही गोष्ट दुलीचंदला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती.

भरवेलीच्या खाणीत त्याचा बाप घमेल्यानं मँगनीज वाहायचा. पोरगाही तेच करत राहिला असता, पण चौदाव्या वर्षी ठेकेदाराच्या गॅरेजात पाने धुवायला लागला आणि तिथंच रमला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं त्याला एकच विद्या शिकवली. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि तोंड बंद ठेवायचं. आत काय बिघडलंय ते इंजिन आपणहून सांगतं. दुलीचंदनं पन्नास वर्षं तेवढंच केलं. पुढं गोंदिया रोडला स्वतःची टपरी टाकली, लग्न केलं, एक मुलगी झाली. चंपाबाई म्हणायची, "हे माणूस इंजिनचं बोलनं आयकते, घरच्याईचं नाई." यात खोटं काहीच नव्हतं.

गेल्या पौषात एका दुपारी वीज गेली ती गेलीच. आठ दिवस लोकांनी वाट पाहिली, नेहमीसारख्या शिव्या दिल्या. मग फोन मेले, पेट्रोल पंप कोरडे पडले, गोंदियाहून येणारी रेल्वे आली नाही. कोणी म्हणालं लढाई झाली, कोणी म्हणालं सूर्यावरून काहीतरी आलं, कोणी म्हणालं दिल्लीतच आता कोणी उरलेलं नाही. खरं काय ते बालाघाटला कोणी येऊन सांगितलं नाही. सरकार आधी आठवड्यातून एकदा दिसायचं, मग महिन्यातून. मग कचेऱ्यांच्या आवारात बकऱ्या चरायला लागल्या आणि लोकांनी सरकारचं नाव काढणं सोडलं. धान होतं, मोह होता, वैनगंगेला पाणी होतं, त्यामुळे माणसं जगली. पण प्रत्येक गाव आपापल्या जागी अडकून पडलं.

दुलीचंदची पोरगी अपेक्षा नागपुरात अडकली. चौतीस वर्षांची, इंदोऱ्याला खोली घेऊन राहायची, एका दवाखान्यात नर्स होती. वीज गेली त्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. दुलीचंद तेव्हा एका ट्रॅक्टरखाली आडवा पडला होता. "उद्या बोल, काम चालू हाय," म्हणून त्यानं फोन ठेवला. तो उद्या काही आला नाही. चंपाबाईनं ही गोष्ट त्याला वर्षभरात किती वेळा ऐकवली याचा हिशोब नाही. ओरडून नाही, भाकरी वाढता वाढता. त्या बोलण्यानं त्याच्या जिवाची आग आग होई. मग तो पाना उचलून बाहेर जाई. दुरुस्त करायला बाहेर काहीच नसलं तरी जाई.

नागपूर एकशे ऐंशी किलोमीटर. सुरुवातीला काही पोरं सायकलींवर गेली. दोघं तुमसरहून परत आले, बाकीचे आलेच नाहीत. एकानं बैलगाडी नेली, तो बैलांवाचून परतला. अडुसष्ट वर्षांच्या, गुडघा धरलेल्या माणसानं पायी निघायचं म्हणजे वारासिवनीच्या पुढं कुठंतरी झाडाखाली बसून राहायचं. रस्त्यावर ठिकठिकाणी बंद पडलेले ट्रक होते, पण ते सगळे नव्या जातीचे. त्यांच्या पोटात कॉम्प्युटर, आणि बॅटरी मेली की कॉम्प्युटर मेला. दुलीचंद त्यांच्याकडे वळूनही पाहत नसे.

चालू होईल अशी गाडी साऱ्या बालाघाटात एकच होती, आणि तिच्या आठवणीनंच दुलीचंदचं डोकं उठायचं. ती म्हणजे विहारामागची मेटाडोर.

तीस वर्षांपूर्वी वॉर्डातल्या बौद्ध घरांनी मिळून ही जुनी मेटाडोर घेतली होती. दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तीत पंचवीस-तीस माणसं कोंबून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं, रात्रभर गाणी म्हणत परत यायचं. दुलीचंद तिचा मिस्त्री आणि ड्रायव्हरही. मग एका उन्हाळ्यात समितीचे अध्यक्ष चंद्रशेखर बाबूंनी कोणाला न विचारता ती आपल्या भाच्याच्या वरातीला दिली. महागू मेश्राम भर सभेत उठून म्हणाला, "गाडी समाजाची हाय का तुमच्या बहिणीची?" एवढ्यावरून एका समितीच्या दोन समित्या झाल्या. दोन्हींचे अध्यक्ष, दोन्हींचे सचिव, दोन्हींची जयंती वेगवेगळी. गाडी कोणाची, याचा निकाल काही लागेना. तेव्हा दुलीचंदनंच भर सभेत एक तोडगा काढला, आणि त्या तोडग्याबद्दल तो पंधरा वर्षं स्वतःला शिव्या देत आला. तो म्हणाला, "निकाल लागेस्तोवर दोन्ही बाजूनं एकेक पार्ट काढून आपापल्या घरी नेऊन ठेवा. म्हणजे कोणीच चालवन नाई." लोकांना हे इतकं आवडलं की त्यांनी एकेकावर भागवलं नाही. चंद्रशेखर बाबूंनी इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल नेले. महागूनं स्टिअरिंगचं चाक नेलं. खजिनदारानं गिअरचा दांडा नेला आणि पुढं तो खजिनदारही वारला. कडुनिंबाखाली उभ्या गाडीत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

या गाडीत कॉम्प्युटर नव्हता. बॅटरी नसली तरी चालायचं, धक्का मारला की झालं. आणि तिचा पंप इतका जुना आणि इतका भोळा होता की डिझेल नसलं तर टोरीच्या तेलावरही चालला असता. टोरी म्हणजे मोहाची बी. पावसाळ्याच्या तोंडाशी बाया ती वेचतात, घाण्यावर तेल काढतात, भाजीला वापरतात. ते तेल थंडीत गोठतं एवढीच त्याची खोड.

दुलीचंद आधी चंद्रशेखर बाबूंकडे गेला. ते कचेरीतून रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती, पण कचेरी त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती.

"जय भीम, बाबूजी. नोझल पाह्यजे होते."

"जय भीम. कोन्या कामासाठी?"

"गाडी चालू करतो. नागपूरले जातो, पोरीले पाहाले."

"चांगली गोष्ट हाय. तुम्ही एक अर्ज द्या. समितीपुढं ठेवतो."

"बाबूजी, दुनिया बुडाली अन् तुमी अर्ज मांगता काय?"

"दुनिया बुडाली म्हनून काय नियम बुडाले?" बाबू शांतपणे म्हणाले. "उद्या महागू इचारन, कोनाच्या सहीनं देल्ले. मंग मी काय दाखवू?"

कोरा कागद गावात कुठं उरला होता? सगळा चुलीत गेला होता. शेवटी दुलीचंदनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कोळशानं अर्ज लिहिला. 'महोदय, सविनय निवेदन है कि' इथपर्यंत हिंदीत, कारण अर्ज त्याला हिंदीतच येत होता, आणि पुढं मराठीत. बाबूंनी तो दोनदा वाचला, 'दिनांक राह्यला' म्हणून परत दिला. आज तारीख काय आहे ते दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. 'अंदाजे' असं लिहून तो मंजूर झाला. नोझल मात्र बाबूंनी खोबरेल लावून, लुगड्याच्या चिंधीत गुंडाळून असे जपले होते की दुलीचंदला शिवी देता येईना. त्याचाच त्याला जास्त राग आला.

महागूकडे गेला तर स्टिअरिंग विहिरीवर. मोटार बंद पडल्यावर महागूनं रहाटाला तेच चाक ठोकून दिलं होतं. गल्लीतल्या बाया त्याला धरून पाणी ओढत.

"ने ना," महागू म्हणाला. "मी काई नाई म्हनतो का? पन आधी रहाटाले दुसरं चाक बसवून दे. नाई त या बाया मले विहिरीत ढकलतीन."

तीन दिवस दुलीचंद सागाच्या फळ्या तासत बसला. हाताला फोड आले. चौथ्या दिवशी लाकडी चाक बसवलं, तर बाया म्हणाल्या जुनंच चांगलं होतं. त्यानं ऐकून घेतलं. इंजिन असतं तर म्हणालो असतो की हा आवाज बरोबर नाही, पण ही माणसं आहेत, असं मनाशी म्हणून स्टिअरिंग डोक्यावर घेऊन तो घरी आला.

खजिनदाराच्या बायकोनं, विमलाबाईनं, गिअरच्या दांड्यानं पंधरा वर्षं मिरच्या कुटल्या होत्या. "लई चांगला हाय जी, हाताले बसते," असं म्हणत तिनं तो जड मनानं दिला. त्या दांड्याला मिरचीचा असा झणका होता की हात लावून डोळे चोळले की संपलंच. दुलीचंदचे डोळे आठ दिवस लाल होते. लोक म्हणाले, पोरीच्या आठवणीनं रडतो. त्यानं खुलासा केला नाही.

मग खरं काम सुरू झालं आणि त्या दोन महिन्यांत तो शांत होता. पंप खोलला, धुतला, जोडला. एका बेवारस ट्रकचे टायर चढवले. तेल गोठू नये म्हणून टाकीपासून येणारी तांब्याची नळी सायलेन्सरला वेटोळी घालून आणली, म्हणजे इंजिन तापलं की तेल पातळ होईल. पण तापेपर्यंत काय? गॅरेजात पार्ट धुवायच्या डब्यात दीड लिटर काळं डिझेल उरलं होतं. चंपाबाईच्या लुगड्यातून तीनदा गाळून त्यानं ते बाटलीत भरलं. या डिझेलवर इंजिन सुरू करायचं, तापवायचं आणि मग टोरीच्या तेलावर वळवायचं. एकदा वळवलं की नागपूरपर्यंत बंद करायचं नाही. बंद झालं की तेल नळीत गोठणार, नोझल चोंदणार आणि दुसऱ्यांदा सुरू करायला डिझेल नाही.

तेल लागणार अठरा लिटर. घरोघर फिरून, वाटीवाटीनं, एकोणीस जमलं. यापेक्षा जास्त मागायचं म्हणजे लोकांच्या भाजीतलं शेवटचं तेल काढून घ्यायचं. तेव्हा जाणं नक्की होतं, येणं नव्हतं. तिकडं तेल मिळालं तर गाडीनं यायचं, नाही तर पायी. दुलीचंदनं हे सगळ्यांना सांगितलं. मागं बसायला तरीही पाच जण तयार झाले. त्यात पुष्पलता होती, जिचा मुलगा पवन तिकडं शिकायला होता. पुढं दुलीचंदशेजारी चंपाबाई.

धक्का मारायला वीस माणसं लागत. पहिल्या दिवशी नळीत हवा धरली. दुसऱ्या दिवशी वीसपैकी सात जणच आले, कारण दोन समित्यांत कोण उजवीकडून ढकलणार यावरून वाद झाला. तिसऱ्या दिवशी इंजिन दोनदा खोकललं आणि गप्प बसलं. दर खेपेला उतारावरून खाली गेलेली गाडी पुन्हा वर ढकलत आणायची. दर खेपेला पावशेर डिझेल जायचं. तिसऱ्या दिवशी दुलीचंदनं पाना फेकला. आयुष्यात पहिल्यांदा यंत्रावर फेकला. मग बोनेटवर डोकं ठेवलं.

"माफ कर वं," तो म्हणाला. कोणाला, ते जवळ उभ्या माणसांना कळलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कोणाच्याच मनात काही नव्हतं. मार्गशीर्षातलं धुकं होतं, माणसं कांबळी पांघरून आली, सवयीनं ढकलू लागली. उताराच्या मध्यावर त्यानं क्लच सोडला आणि गाडी दणकन हादरली, काळा धूर ओकली आणि सुरू झाली.

वर्षभरात कोणी इंजिनाचा आवाज ऐकला नव्हता. मग सगळे एकदम ओरडले. एक म्हातारी रडू लागली. लोक गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होते. दुलीचंदनं ती चौकात वळवून विहारासमोर आणली, अर्धा तास तापवली, पेचकस कानाला लावून ऐकलं आणि नळीची चावी टोरीच्या तेलाकडं फिरवली. आवाज जरासा जडावला, मग ठरला. धुराला तळणाचा वास येऊ लागला.

"बसा!" तो ओरडला. "सामान घेऊन या अन् बसा! आताच निंघा लागते!"

चंपाबाई धावत घरी गेली, गाठोडं आणि भाकरी घेऊन आली आणि पुढं बसली. पण मागं कोणी चढेना. विहाराच्या ओट्यावर सतरंजी अंथरली जात होती.

"हे काय हाय?"

"छोटासा कार्यक्रम," चंद्रशेखर बाबू म्हणाले. "एवढी मोठी गोष्ट झाली. बिनाकार्यक्रमाची कशी जाईन गाडी?"

"बाबूजी, इंजिन चालू हाय! तेल जळून राह्यलं!"

"मंग बंद करा ना दोन मिनिट."

दुलीचंदनं डोळे मिटले. या माणसाला त्यानं गेल्या आठवड्यात तीनदा समजावून सांगितलं होतं.

आपल्या लोकांचं हे असं आहे, त्याच्या मनात आलं. जन्माला आलो, कार्यक्रम. मेलो, कार्यक्रम. जग बुडालं तरी सतरंजी तेवढी वाहून जाऊ देणार नाहीत. आणि समित्या दोन, म्हणून सगळं दोनदा. दुलीचंद सीटवर बसून राहिला, कारण उतरला आणि इंजिन अडखळलं तर सगळंच संपलं. आधी त्रिशरण-पंचशील झालं. त्यानंही हात जोडले. त्याला चार मिनिटं लागली आणि ती त्याला डाचली नाहीत. पण मग बाबू प्रास्ताविकाला उभे राहिले. गाडी घेतली तेव्हापासून सुरुवात केली. पहिली वर्गणी कोणी दिली, पहिली खेप किती माणसांची, कोणत्या साली टप बदलला. इंजिन उभ्या उभ्याही तासाला लिटरभर पीत होतं. बाबूंच्या प्रास्ताविकाचा खर्च दुलीचंदनं मनात केला. चार किलोमीटर.

मग सत्कार. शाल नव्हती, म्हणून टॉवेल. तो घेऊन माणसं खिडकीशी आली, त्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाली, "दुलीचंदभाऊ, दोन शब्द बोला."

"गाडीत बसा," दुलीचंद म्हणाला.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं विनोद केला.

एक सत्कार बाबूंच्या समितीचा झाला तर महागूच्या समितीचाही व्हायलाच हवा होता. दुसरा टॉवेल आला. मग महागू अध्यक्षीय भाषणाला उभा राहिला. तो खरं तर मोजकं बोलणारा गडी, पण बाबू जितके बोलले त्यापेक्षा कमी बोलला असता तर त्याच्या बाजूच्यांनी त्याला घरात घेतलं नसतं. तो एकीवर बोलला. मग धीर धरण्यावर बोलला.

"आस सोडाची नाई," महागू म्हणाला. "परवा किरनापुरात दोन पोरी पायी आल्या. नागपूरहून! तीन महिने चालत होत्या. पायाची साल निंघाली, पन घरी आल्या. अजून लोकं रस्त्यानं येऊन राह्यले..."

दुलीचंदनं हे कानावर घेतलं नाही. तो खुणा केलेली तुराटी सीटमागच्या टाकीत घालून तेल पाहत होता. चंपाबाईनं मात्र ऐकलं. तिनं मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

शेवटी पुष्पलता आभारप्रदर्शनाला उठली. तिला स्वतःलाच कधी एकदा नागपूर गाठते असं झालं होतं, पण एक वाटी तेल देणाऱ्याचंही नाव राहून गेलं तर जन्माचं वैर. सत्तावन्न घरं होती. ती भरभर नावं घेत होती, मधेच कोणी म्हणे, "आमचं राह्यलं," आणि ती पुन्हा मागं जाई.

सतरंजी गुंडाळली गेली तेव्हा दोन तासांच्या वर झाले होते. दुलीचंदनं तुराटी बाहेर काढली, खुणेवर अंगठा ठेवला. सोळा लिटर आणि वर थोडं. गाडी नागपूरच्या अलीकडं पंधरा-सोळा किलोमीटरवर बंद पडणार होती.

संतापानं त्यानं तुराटी पायाशी आपटली. हे लोक वाईट नव्हते. यांनीच आपल्या भाजीतलं तेल दिलं होतं, यांनीच धक्के मारले होते. तीच माणसं दोन तास उभी राहून, टाळ्या वाजवून, त्याच्या आणि अपेक्षाच्या मधे सोळा किलोमीटर टाकून मोकळी झाली होती आणि आता हसत हसत रस्ता करून देत होती. त्यानं आपल्या गुडघ्याकडं पाहिलं. सोळा किलोमीटर. दिवसभर लागेल. चालेन.

"बसा," तो हलक्या आवाजात म्हणाला. पाच जण मागं चढले.

आणि शेजारचं दार उघडून चंपाबाई खाली उतरली.

"काय राह्यलं आता?"

"काई नाई." ती दाराला धरून उभी होती. "तुमी जा, अपेक्षाचे बाबा."

"अन् तू?"

"मी नाई येत. महागूभाऊ काय बोलले, आयकलं ना तुमी? पोरी पायी येऊन राह्यल्या. आपली पोरगी निंघाली असन त? चालत चालत इथं आली अन् दाराले कुलूप दिसलं, त ते कुठं जाईन?"

वर्षभर हीच बाई त्याच्या मागं लागली होती. जा म्हणत होती, चला म्हणत होती. दोन माणसांनी जायचं म्हणून तर तो दोन टॉवेल गळ्यात घालून इथं बसला होता. आणि तिचं म्हणणं चूक होतं असंही नव्हतं.

"शेजारी हायेत ना..." तो म्हणाला.

"शेजारी माय होतीन का?"

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी भांडून एकदाही जिंकला नव्हता. दर वेळी पाना उचलून निघून गेला होता. आज पहिल्यांदा त्याला जायचं नव्हतं. आज त्याला इथं बसून तिला पटवायचं होतं, दुपार झाली तरी, संध्याकाळ झाली तरी. पण बोनेटखाली इंजिन एका लयीत चाललं होतं आणि दर घासाला रस्ता कमी होत होता. सोळाचे सतरा झाले असतील.

"भाकर मागं ठेवली हाय," चंपाबाई म्हणाली. "पानी गाळून प्या." आणि मग, आत वाकून टॉवेलाचं टोक नीट करत, "भेटली का ते, त तिले पयले बोलू देजा. कामात हाय म्हनू नोका."

"हौ," दुलीचंद म्हणाला.

तिनं दार ओढून घेतलं. त्यानं पहिला गिअर टाकला. डोळ्यांत मिरची गेली, पण या खेपेला ती मिरचीच होती असं काही सांगता येणार नाही. माणसं बाजूला झाली, कोणीतरी 'जय भीम' म्हणालं, मागचे पाच जण एका आवाजात ओरडले. दुसरा गिअर.

वारासिवनीच्या रस्त्याला लागता लागता त्याला तिला काय सांगायचं होतं ते सापडलं. अगदी थोडं होतं. मले तुझ्याबिगर भेव वाटते, एवढंच. अर्ध्या मिनिटाचंही काम नव्हतं. पण ते बोलायला आता गाडी मागं फिरवावी लागली असती, म्हणून त्यानं तिसरा गिअर टाकला.